केस तुटतात ते पाण्याने, की आपल्याच हाताने?

तळेगाव स्टेशन परिसरात, यशवंतनगरला किंवा चाकण रस्त्याकडे नवी सदनिका बघायला आलेले कुटुंब हल्ली एक प्रश्न हमखास विचारते. पाणी नगर परिषदेचे, बोअरचे, की टँकरचे? विचारण्यामागे पिण्याच्या पाण्याची काळजी कमीच असते, कारण त्यासाठी घरोघरी आरओ आहे आणि दारात जार येतो. खरी धास्ती अंघोळीच्या पाण्याची असते. ‘इकडे आल्यापासून केसांची पार वाट लागली’ हे वाक्य सोसायटीच्या लिफ्टमध्ये, पुणे-लोणावळा लोकलच्या महिला डब्यात आणि पार्लरच्या खुर्चीत सारखेच ऐकू येते. मग कोणी नळाला फिल्टर लावतो, कोणी जारचे पाणी डोक्यावर घेतो, कोणी काही हजार रुपये मोजून केराटिन करून घेते. यातल्या कशाचा उपयोग होतो, कशाचा होत नाही आणि कशाने उलट नुकसान होते, हे पाहण्याआधी संशय योग्य ठिकाणी आहे का, हे तपासायला हवे.

बुलढाण्याचा धडा

केसांच्या तक्रारीत पहिला संशय पाण्यावर जातो, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. आधी खाज, मग केस सैल होणे आणि तीन-चार दिवसांत टक्कल, असा क्रम होता. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. तरुण मुली आणि विद्यार्थी घराबाहेर पडायला कचरू लागले, काहींनी डोकेच भादरून घेतले. सुरुवातीला बोट पाण्याकडे होते. काही नमुन्यांत नायट्रेट आणि क्षार जास्त आढळल्याने तो संशय बळावला. पुढे बुरशीची चर्चा झाली, शाम्पूची झाली.

त्यानंतर विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण कित्येक पटींनी जास्त निघाले आणि जस्त कमी. बावस्करांच्या निष्कर्षानुसार त्याचा स्रोत पाणी नव्हते, तर रेशनवर आलेला बाहेरगावचा गहू होता. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते, पण जास्त झाले की केस आणि नखे यांवर आधी परिणाम दिसतो, हे वैद्यकशास्त्राला जुने माहीत आहे. 

तळेगावात बुलढाण्यासारखे काही घडलेले नाही आणि घडेल असे मानायला कारणही नाही. पण त्या घटनेतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. केसांचे दुखणे दिसते डोक्यावर, पण कारण ताटात किंवा रक्तातही असू शकते. आणि सगळ्यांना पहिल्यांदा सुचलेले कारण खरे असतेच असे नाही.

गळणे वेगळे, तुटणे वेगळे

बोलताना आपण दोन्हीला ‘केस गळतात’ म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने हे दोन वेगळे प्रकार आहेत, कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. ओळखायची रीत सोपी आहे. कंगव्यात किंवा उशीवर पडलेला केस उजेडात धरून पाहावा. एका टोकाला बारीक पांढरट गाठ असेल आणि केस पूर्ण लांबीचा असेल तर तो मुळापासून गळला. गाठ नसेल, लांबी कमी असेल, टोक खरबरीत किंवा फाटे फुटलेले असेल तर तो मध्येच तुटला.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ५० ते १०० रोज गळतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. हे नैसर्गिक आहे. त्याहून पुष्कळ जास्त केस मुळासकट गळू लागले तर कारण शरीरात शोधावे लागते. डेंगी, टायफॉइड किंवा करोनाचा ताप, बाळंतपण, मोठे ऑपरेशन, झपाट्याने उतरवलेले वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणात गळतात. मधला काळ उलटल्यामुळे आजारपण विसरले जाते आणि दोष त्याच सुमारास बदललेल्या घराच्या पाण्याला मिळतो. बहुतेकांचे केस काही महिन्यांत परत येतात. थायरॉइडचा बिघाड, लोहाची कमतरता ही कारणे मात्र आपोआप जात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे केस गळण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रीला आधी रक्त तपासायला सांगणे शहाणपणाचे, नळाचा फिल्टर नंतर.

तुटणाऱ्या केसाची गोष्ट निराळी. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्याला रक्त पोचत नाही, त्याची जखम भरून येत नाही. केराटिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा तो एक दोर आहे आणि त्या दोरावर कौलांसारखे एकावर एक रचलेले पातळ खवले आहेत. वरच्या खवल्यांवर चरबीचा अतिसूक्ष्म थर असतो, त्यामुळे केस चमकतो आणि एकमेकांवरून घसरतो. खवले उचकटले की केस खरबरीत होतो, गुंततो. खवले निघून गेले की आतला दोर उघडा पडून उसवतो. त्यालाच फाटे फुटणे म्हणतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे जुने असते. इतकी वर्षे धुतलेले, विंचरलेले, उन्हात वाळवलेले कापड जसे विरेल, तसे ते टोक विरलेले असते. म्हणूनच तुटण्यावर ‘इलाज’ नाही. आहे ती जपणूक.

पाण्याचा दोष किती?

आता मूळ संशयाकडे. तळेगाव दाभाडे नगर परिषदेचे पाणी पवना आणि इंद्रायणी या नद्यांतून येते. मावळच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचे हे पाणी तुलनेने हलके असते. बोअरचे पाणी मात्र दख्खनच्या काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत जाते आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात जड किंवा खारे पाणी. बोअर जितकी खोल आणि उन्हाळा जितका कडक, तितके क्षार साधारणपणे जास्त. वस्ती वाढली तशी नव्या सोसायट्यांची मदार बोअर आणि टँकर यांवर वाढली, आणि टँकरचे पाणी कुठल्या विहिरीचे हे दर खेपेला बदलू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतची कठीणता योग्य मानली जाते. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. अंघोळीसाठी असे वेगळे मानक नाही.

असे पाणी केसांचे काय करते? साबणाशी कॅल्शियमची गाठ पडली की फेस होत नाही, उलट पांढरट, चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूतली द्रव्ये साबणापेक्षा वेगळी असल्याने हा त्रास कमी होतो, पण कॅल्शियम केसाला चिकटायचे थांबत नाही. रंगवलेले, सरळ केलेले, आधीच खराब झालेले केस ते जास्त धरून ठेवतात. परिणामी केस राठ लागतात, निस्तेज दिसतात, गुंततात. इथपर्यंत तळेगावकरांचा अनुभव आणि शास्त्र यांचे जमते.

पण केस त्यामुळे कमकुवत होऊन तुटतात का, यावर एकमत नाही. २०१३ मध्ये कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी १५ स्त्रियांचे केस घेऊन एक भाग दुष्फेन आणि एक भाग शुद्ध पाण्यात महिनाभर रोज दहा मिनिटे बुडवला. केसाची ताकद आणि लवचीकता यांत लक्षणीय फरक पडला नाही. नंतर पाकिस्तानात ७० पुरुषांच्या केसांवर झालेल्या अभ्यासात मात्र दुष्फेन पाण्यात ठेवलेले केस कमी ताकदीचे ठरले. दोन्ही अभ्यास लहान, आणि दोन्हींत केस डोक्यावर नव्हे तर पेल्यात होते. पाणी केसांना मुळापासून गळवते, याला तर दोन्हींतून आधार मिळत नाही.

तर्काने जोडता येते ते एवढेच, की जड पाण्याने केस राठ होतात, राठ केस गुंततात आणि गुंता आपण ओढून सोडवतो. तुटतो तो तिथे. म्हणजे पाणी आगीत तेल ओतत असेल, पण आग दुसरीकडे लागलेली असते.

आपले हात, आपली घाई

सकाळची लोकल किंवा कंपनीची बस पकडायची, म्हणून ओले केस विंचरून घट्ट बांधले जातात. ओला केस हा सर्वांत दुबळा केस. केराटिनच्या तंतूंना एकत्र धरणारे काही बंध पाण्याने तात्पुरते सुटतात. अशा वेळी केस मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला तर पूर्ववत होतो. त्यापुढे ताणला तर कायमचा बिघडतो आणि शेवटी तुटतो. बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली एका दमात विंचरताना गुंत्याजवळ नेमके हेच होते. त्यात आधी टॉवेलने खसाखसा पुसून खवले उचकटलेले असतात.

दुसरे कारण उष्णता. सरळ करायच्या इस्त्रीचे तापमान २०० अंशांच्या घरात जाऊ शकते. केस ओलसर असताना ती फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून काडीसारखा मोडतो.

तिसरे कारण ताण. रोज एकाच जागी घट्ट बांधलेला बुचडा, उंच पोनीटेल, त्यावर हेल्मेट. चाकण किंवा नवलाख उंब्रेच्या कारखान्यांत दुचाकीने जाणाऱ्यांचा हेल्मेटवर राग असतो. हेल्मेटमुळे टक्कल पडत नाही. घाम आणि घर्षण यांनी केस तुटू शकतात, त्याला उपाय आत सुती रुमाल आणि सैल, मानेजवळ बांधलेली वेणी हा आहे. हेल्मेट काढून ठेवणे हा नव्हे. मात्र सततच्या ओढीने कपाळावरची आणि कानशिलावरची केसरेषा मागे जाते, हे खरे आहे. सुरुवातीला बांधणे सैल केले की केस परत येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मुळेच मरतात.

या बाबतीत आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचा अनुभव जगाला शिकवणारा आहे. त्यांचा केस स्प्रिंगसारखा वळलेला आणि चपटा असतो. प्रत्येक वळण हा तुटण्याचा बिंदू, आणि मुळाकडचे तेल वळणे पार करून टोकापर्यंत पोचत नाही. त्यात सरळ केसांनाच ‘व्यवस्थित’ मानणाऱ्या नोकरीच्या आणि शाळेच्या दुनियेत टिकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या केस ओढून बांधले गेले, रसायनांनी सरळ केले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका पाहणीत सुमारे एक-तृतीयांश प्रौढ स्त्रियांमध्ये ओढीमुळे केस गेलेले आढळले. त्याच समाजातून पुढे जपणुकीची शिस्तही आली: रुंद दातांचा कंगवा, खालून वर गुंता सोडवणे, कंडिशनर लावलेल्या अवस्थेतच विंचरणे, झोपताना गुळगुळीत कापड बांधणे, बांधण्याची जागा बदलत राहणे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने नैसर्गिक केसांवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. कुरळ्या केसांच्या मराठी मुलींना ‘झिपरी’ म्हणून हिणवणाऱ्या आपल्या घरांनीही त्यातून थोडे घेण्यासारखे आहे. त्यांना कंगव्यापेक्षा कंडिशनर आणि बोटांची गरज जास्त असते.

उपायच अपाय होतो तेव्हा

जड पाण्याने राठ झालेले केस मऊ करण्यासाठी पार्लरमध्ये स्मूदनिंग, केराटिन अशा नावांनी उपचार सुचवले जातात. नावात केराटिन असले तरी अशा अनेक उत्पादनांत केस सरळ धरून ठेवण्याचे काम फॉर्माल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारी रसायने करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे ही त्याची लगेच कळणारी खूण. महिन्यातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा बंद एसी खोलीत रोज हे काम करणाऱ्या मुलीच्या फुप्फुसांत ते किती जाते, याचा विचार कमी होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये अशा उत्पादनांवर बंदीचा इरादा जाहीर केला, पण त्याची मुदत पुढे जात राहिली.

‘फॉर्माल्डिहाइड नाही’ असे लेबल आले की प्रश्न सुटतो असेही नाही. त्याच्या जागी वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्झिलिक आम्लाबद्दल मार्च २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक नोंद प्रसिद्ध झाली. २६ वर्षांच्या एका तरुणीला २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये केस सरळ केल्यानंतर प्रत्येक वेळी मूत्रपिंडाला इजा झाली. क्रीममध्ये हे आम्ल १० टक्के होते. उंदरांवर तेच क्रीम लावल्यावर मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे साचले. 

अमेरिकेतच ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षे मागोवा घेतलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा अंदाजित धोका ४.०५ टक्के, तर कधीच न करणाऱ्यांत १.६४ टक्के निघाला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झाले असे नव्हे. आणि एकदा लग्नासाठी केस सरळ केलेल्या मुलीने घाबरून जावे असेही नाही. पण दर तीन महिन्यांनी करायचा उपचार म्हणून त्याकडे पाहताना हे आकडे समोर असावेत. शिवाय त्या रसायनांनी आणि इस्त्रीने केस आतून कमकुवत होतो, म्हणजे तुटण्याची तक्रार घेऊन गेलेल्याला सहा महिन्यांनी तीच तक्रार जास्त होते.

आजीच्या तेलाची परीक्षा

उलट स्वस्त उपायांपैकी एकाला बऱ्यापैकी पुरावा आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेत आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली. ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. धुण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसातून होणारी प्रथिनांची झीज कमी झाली, इतर दोन तेलांनी झाली नाही. खोबरेलातले लॉरिक आम्ल छोट्या, सरळ रेणूचे असल्याने केसाच्या आत शिरते. ही कंपनी खोबरेल तेल विकते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. पण कारणमीमांसा पटण्यासारखी आहे. तेल केस वाढवत नाही, मुळांना ‘अन्न’ही देत नाही. ते केस पाण्याने फुगू देत नाही, एवढेच. म्हणून न्हाण्याआधी तास-दोन तास लांबीवर लावलेले तेल पुरते. टाळूवर कोंडा असेल तर तिथे तेल थापू नये.

मग करायचे काय?

आधी पाणी तपासावे. बादलीच्या काठावर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर आणि साबणाला फेस नाही, या घरगुती खुणा. नेमके प्रमाण कोणत्याही पाणी तपासणी प्रयोगशाळेत कळते आणि हा खर्च सोसायटीने एकत्र केला तर नगण्य असतो. कठीणता खरोखर जास्त असेल तर सामायिक सॉफ्टनर हा उपाय आहे. त्यातली राळ कॅल्शियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजी होते. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करू शकतात. अशी राळ नसेल तर कठीणता ते फारशी काढत नाहीत. एवढे शक्य नसेल तर शेवटचे दोन तांबे हलक्या पाण्याचे घ्यावेत, आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा लेबलवर ईडीटीए असलेला शाम्पू वापरावा आणि डोक्याला अंगाचा साबण लावू नये.

बाकीचे हातात आहे. कंडिशनर मुळांना नव्हे, लांबीला लावावा. जुन्या सुती पंचाने केस दाबून टिपावेत. थोडे वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर जात गुंता काढावा. सकाळी वेळ नसेल तर रात्री न्हावे, पण ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपू नये. दोन-तीन महिन्यांतून एकदा टोके कापावीत; फाटा फुटलेला केस कुठल्याही सीरमने सांधला जात नाही.

आणि केस गाठीसकट, ओंजळीने गळत असतील, गोल चट्टे पडत असतील, टाळू लाल किंवा दुखरी असेल, सोबत थकवा, पाळीत अनियमितता किंवा नखांत बदल असतील, तर पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड या साध्या तपासण्यांत बहुधा कारण सापडते. एका गल्लीत, एका वसतिगृहात अनेकांना एकदम त्रास सुरू झाला तर आरोग्य विभागाला कळवावे. शेगावच्या गावांतही कारण शोधता आले ते लोकांनी लपवले नाही म्हणून.

तळेगावच्या नव्या वसाहतींना नदीचे पुरेसे पाणी मिळावे, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहिली पाहिजे. पण टँकर बंद होईपर्यंत वाट पाहायची गरज नाही. केस जपण्याचे निम्म्याहून जास्त काम पाण्याच्या टाकीत नव्हे, न्हाणीघराच्या दाराशी, हातातल्या कंगव्याने होते.